नानांच्या चार तारा

नानांच्या घरात कुठलीही वस्तू बिघडत नसे. ती नाराज होत असे. मिक्सर नाराज आहे, गिझर नाराज आहे, पाण्याची मोटर सकाळपासून नाराज आहे. मी भाड्याने राहायला गेले त्या दिवशी जिन्यातला दिवा लागेना, म्हणून सहज म्हणाले, "नाना, बल्ब गेला वाटतं." नाना थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गेला म्हणू नये, बेटा. गेला माणसाला म्हणतात. ह्याचं काय दुखतंय ते बघू." सुतार पेन्सिल अडकवतो तसा त्यांच्या कानावर कायम एक टेस्टर अडकवलेला असायचा. तो त्यांनी काढला, बल्बच्या भोवती दोनदा फिरवला, परत कानावर ठेवला, आणि बल्ब हाताने अर्धा पीळ घट्ट केला. दिवा लागला. टेस्टरचा ह्यात काय उपयोग झाला ते मला अजून कळलेलं नाही.

नानांची सगळी नोकरी भुसावळला रेल्वेच्या टेलिफोन खात्यात झाली होती. निवृत्त होऊन जळगावला, पिंप्राळ्यातल्या ह्या दुमजली घरात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण फोन वाजला की अजूनही ते "बोला, भुसावळ!" असंच म्हणायचे. पुण्याच्या मुलाला, गॅसवाल्याला, लग्नाचं आमंत्रण करणाऱ्या नातेवाइकाला, सगळ्यांना तेच. एकदा कर्ज देऊ करणाऱ्या एका मुलीने ते ऐकून "सॉरी सर, राँग नंबर" म्हणत फोन ठेवला. नाना दिवसभर खूश होते.

दुसऱ्याची वस्तू नाराज असलेली त्यांना बघवत नसे. एकदा रक्तदाब तपासायला म्हणून दवाखान्यात गेले, तिथला पंखा कुरकुरत होता. डॉक्टरांच्या खुर्चीवर चढून त्यांनी पंखा गप्प केला, सगळ्या पेशंटांचे आशीर्वाद घेतले आणि रक्तदाब न तपासताच घरी आले. मी विचारलं तर म्हणाले, "आता बरं वाटतंय."

मी मूळची धुळ्याची. लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. कॅमेरावाले शूटिंग आणून देतात, मी त्यातून लग्नाची फिल्म तयार करते. जळगावात काम वाढलं म्हणून तिथे जागा शोधत होते. मला दोन खोल्या हव्या होत्या. एक खाली, रस्त्याला लागून, म्हणजे गिऱ्हाइकांना यायला बरं, आणि एक वर, शांत, बसून काम करायला. नानांकडे नेमक्या तशा होत्या. खाली रस्त्याकडची एक आणि वर गच्चीवरची एक. जागा दाखवताना दुसरे घरमालक पाणी किती वेळ येतं ते सांगतात. नानांनी मला वायर दाखवली. मुलगा कॉम्प्युटर शिकत होता तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीतल्या पाइपातून नेटवर्कची वायर टाकली होती, गच्चीच्या खोलीपासून थेट खालच्या खोलीपर्यंत. भिंतीतल्या त्या चौकोनी सॉकेटवर हात ठेवून ते म्हणाले, "हे बघून घे. खोल्या काय, सगळीकडे मिळतात."

मी वायफायचं नाव काढलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "बिनतारी ते बिनबुडाचं," ते म्हणाले. "हवेचा काय भरवसा? आमच्या चोपडा तालुक्यात विचार. वारा सुटला की उभी केळी आडवी."

मी एकटी राहते ह्यावर कॉलनीतल्या एका बाईंनी एकदा नानांकडे बराच वेळ चौकशी केली होती. लग्न का नाही, घरचे काय म्हणतात, येतं-जातं कोण. नाना ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तिचं कनेक्शन एकदम व्यवस्थित आहे. तुमचंच जरा तपासून घ्या." त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

घरात नानांशिवाय आबा होते. नानांचे थोरले भाऊ, निवृत्त मुख्याध्यापक. तळमजल्यावर मागच्या बाजूला राहायचे. दोघांच्याही बायका वारलेल्या, दोघांचीही मुलं बाहेरगावी. एका छपराखाली हे दोन भाऊ एकेकटे राहत होते, स्वयंपाक वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, आणि एकमेकांशी बोलत नव्हते.

ह्याचं कारण आबांनीच मला सांगितलं, अगदी शुद्ध मराठीत, फळ्यावर लिहिल्यासारखं. "आमच्या वडिलांचा रेडिओ होता. तो उत्तम बोलत असे. ह्या गृहस्थाने आवाज अधिक स्वच्छ करण्यासाठी तो उघडला. त्यानंतर तो बोलला नाही. मी त्याच दिवशी सांगितलं, रेडिओ बोलेपर्यंत मीही बोलणार नाही." रेडिओ त्यांच्या कपाटावर कापड घालून ठेवलेला होता. नानांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "दोन स्क्रू उरले होते. कुठले ते कळलं नाही."

मी राहायला गेल्यापासून दोघांना निरोप्या मिळाला. "वरच्यांना सांगा, टाकी वाहते आहे." "खाली सांग बेटा, वाहते आहे ते मला दिसतंय." मधे फक्त एक जिना होता, आणि त्या जिन्यात मी.

उन्हाळ्यात माझं काम अडायला लागलं. सगळं शूटिंग मी खालच्या खोलीत एका डिस्कच्या पेटीत साठवत असे आणि तिथून नानांच्या वायरीवरून वरच्या कॉम्प्युटरवर घेत असे. पूर्वी लग्नं लहान होती, कॅमेरे साधे होते, चालून जात होतं. आता एकेका लग्नाला तीन-तीन कॅमेरे आणि वर ड्रोन. एक लग्न वर यायला जेवण, झोप आणि दुपारचा चहा होऊन जायचा, तरी पडद्यावरची पट्टी अर्ध्यावरच रेंगाळलेली. मी नानांना सांगितलं, "नाना, नेटवर्क फार हळू चालतंय."

ते खुर्चीत बसले. घरातल्या कुणाला ताप आल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. "कधीपासून?"

मग उपचार सुरू झाले. आधी उन्हावर संशय. वायरी जिथे एकत्र येतात ती छोटी पेटी, स्विच म्हणतात तिला, नानांनी माठाशेजारी तिवईवर ठेवली आणि खाली ओला पंचा अंथरला. पेटी गार झाली, वेग तोच राहिला. मग त्यांनी बाजारातून जोडणीच्या आखूड वायरी आणल्या. दुकानात व्यापारी कापूस बघतो तशी प्रत्येक वायर चिमटीत धरून बघितली म्हणे, आणि दुकानदाराला सांगितलं, "ही वायर नाही, शेवई आहे. दुसरी दाखव." चांगल्या वायरी जोडल्या, फरक शून्य. मग फ्रिजवर आळ आला. फ्रिज बंद ठेवून कॉपी करून बघितलं. माझं दही आंबून गेलं.

शेवटी मीच पद्धतशीर सुरुवात केली. वरच्या कॉम्प्युटरवर एका डिस्कमधून दुसरीत फाइल टाकून पाहिली. झटक्यात गेली. म्हणजे कॉम्प्युटर बरा. मग खालची डिस्कची पेटी उचलून वर आणली आणि आखूड वायरीने थेट जोडली. पुन्हा झटक्यात. म्हणजे पेटीही बरी. स्विच बदलून बघितला, तोही निर्दोष. उरली फक्त भिंतीतली लांब वायर.

"नाना, वायरच आहे," मी म्हणाले.

"वायर नाही," नाना म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठून गेले.

कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या एका मित्राला मी फोन केला. त्याने सांगितलं, ह्या वायरीत आठ बारीक तारा असतात. चार तारांवरही काम चालतं, पण दहापट हळू. आठही नीट जोडलेल्या असल्या तरच पूर्ण वेग मिळतो. तुझ्या चार कुठेतरी सुटलेल्या असणार, दोन्ही टोकं उघडून बघ. मी नानांना विचारलं, सॉकेट उघडून बघू का? त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वायरीला बोट लावायचं नाही! बाकी घर तुझं आहे, काय करायचं ते कर. वायर माझी आहे."

मला वाटलं, स्वतःच्या कामात दोष निघणं म्हाताऱ्याला सहन होत नाही. राग आला, पण सॉकेट उघडलं नाही.

त्याच सुमारास धुळ्याचं एक लग्न हातात होतं. मुलगी नवऱ्याबरोबर परदेशी निघाली होती, आणि जायच्या आधी सगळ्यांनी एकत्र बसून फिल्म बघायची, असा तिच्या आईचा हट्ट होता. त्या माउलीचा रोज फोन यायचा. रागवायची नाही, नुसतं विचारायची, "झाली का हो ताई?" ते रागावण्यापेक्षा वाईट. एका सकाळी मी नानांना सांगून टाकलं. "नाना, जागा सोडायची माझी इच्छा नाही. पण असंच चाललं तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

नानांनी कानावरचा टेस्टर काढून उगीच पुसला. "धुळ्याचं काम आहे ना?" एवढंच विचारलं.

दोन-चार दिवसांनी आबा मुलीकडे राहायला म्हणून धुळ्याला गेले. जाताना मला निरोप दिला, "वरच्यांना सांगा, आठवडाभर येणार नाही." मी सांगितला. त्याच दुपारी नाना गच्चीवर आले. सदरा चुन्याने पांढरा झालेला, टेस्टर कानावर. "आता करून बघ," म्हणाले.

मी कॉपी सुरू केली आणि बघतच राहिले. अर्ध्यावर अडणारी पट्टी सरसर पुढे निघाली. सगळी दुपार खाणारं काम भाजी निवडून होईपर्यंत संपलं. मी नानांचे हात धरून त्यांना गच्चीवर एक गिरकी घ्यायला लावली.

"केलंत काय नाना?"

"समजूत घातली," ते म्हणाले. हसले, पण पूर्ण नाही. माझ्या आनंदात पुरते सामील न होता ते कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि खाली आबांच्या बंद खिडकीकडे बघत राहिले. मी कामाच्या घाईत होते. फार विचार केला नाही.

पण आबा आठवडाभर राहिले नाहीत. मुलीकडे पाहुणे आले, घर लहान, उकाडा मरणाचा. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या बसने ते परतले आणि कुणाला न कळता आपल्या खोलीत जाऊन झोपले. नाना वर, मी त्यांच्याही वर. आम्हाला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला पिशवी घेऊन खाली निघाले होते. नानांच्या मजल्याशी आले तर खालून धाडधाड पावलं. आबा. एरवी इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय अंगणातही न येणारा माणूस बनियनवर, अनवाणी, कठड्याला धरून धापा टाकत वर येत होता. मला ओलांडून ते नानांच्या दारावर मुठी मारायला लागले.

"नाना! ए नाना! दार उघड!"

आत नळ चालू होता. तो बंद झाला. दार उघडलं. नाना उभे, अर्ध्या गालाला दाढीचा साबण, हातात रेझर. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"मी समजनू तू मरी गया!" आबा ओरडले. आबांचं शुद्ध मराठी जिन्यातच कुठेतरी गळून पडलं होतं. हे गावाकडचं अहिराणी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते.

नाना गोंधळले. "तू ते धुयाले व्हता ना?"

"काल सांजले उनू! सकायपासून घंटी दाबी ऱ्हायनू. तू का बर दाबत नई?"

नानांच्या हातातला रेझर खाली आला. "घंटी तोडी मी," ते हळूच म्हणाले.

आबा तिथेच पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी रिकामी पिशवी घेऊन उभी. नाना तशाच साबणाच्या तोंडाने त्यांच्या शेजारी बसले आणि मला सांगायला लागले. मला सांगत होते, पण बघत होते आबांच्या पायांकडे.

दोघांचं बोलणं बंद झालं तेव्हा नानांची बायको, अक्का, हयात होती. तिने पुष्कळ समजावलं, दोघेही ऐकेनात. मग आबांची बायको गेली, आबा खाली एकटे पडले. तेव्हा अक्काने नानांसमोर कमरेवर हात ठेवून सांगितलं होतं, "बोलानं नई ते नका बोला. पन जित्ता शेतस का नई, एवढं ते एकमेकले कयू द्या." म्हणून नानांनी घंटी बसवली. एक खाली, एक वर. सकाळी उठलं की आबांनी खालून दाबायची, वर वाजणार. मग नानांनी वरून दाबायची, खाली वाजणार. म्हणजे तू आहेस, मीही आहे. भिंतीतला पाइप नानांच्या आणि आबांच्या खोल्यांतूनच माझ्या खालच्या खोलीकडे जात होता, पण बारीक, त्यात दुसरी वायर जाईना. मुलाच्या कॉम्प्युटरला त्या वेळी चार तारा पुरत होत्या. उरलेल्या चार नानांनी घंटीला दिल्या, दोन वर वाजायला, दोन खाली वाजायला. नंतर अक्काही गेली. घंटी चालू राहिली.

रोज सकाळी ऐकू येणारी ती टर्र आणि तिच्या मागोमाग दुसरी टर्र मी दूधवाल्याची समजत होते.

"मग मला सांगायचं ना, नाना," मी म्हणाले. "मी काहीतरी मार्ग काढला असता."

"काय सांगायचं?" नाना म्हणाले. "दोन म्हातारे बोलत नाहीत, घंटी वाजवतात, म्हणून तुझं काम अडलंय? तू जाते म्हणाली. मग वाटलं, आबा धुळ्याला आहे, तोवर तुझं काम होऊ द्यावं. तो यायच्या आत परत जोडू."

आबांनी तोंडावरचे हात काढले. डोळे ओले होते, पण आवाज पुन्हा मुख्याध्यापकाचा झाला होता. "पोरनं काम अडाले नको. घंटीले दुसरी तार टाक."

"पाइपमा जागा नई."

"बारीक तार टाक."

"बारीक जाई. पन खालतून कोनी ते ओढाले पायजे. पाइप तुनी खोलीमा निंघस."

"मंग? मी काय मरी गयू का?"

दूध राहिलं बाजूला. नानांनी तोंड धुतलं, अर्धी दाढी तशीच ठेवली आणि टेलिफोनची एक बारीक तार शोधून आणली. अशा पाइपात कडक लोखंडी तार आधी घालतात, तिच्या टोकाला नवी तार बांधतात आणि दुसऱ्या टोकाकडून ओढतात. तार अडकू नये म्हणून नानांनी तिला टाल्कम पावडर फासली. जिनाभर लग्नघरासारखा वास सुटला. नाना वर आपल्या खोलीत घंटीपाशी बसले, आबा खाली आपल्या खोलीत स्टुलावर चढले. मी नेहमीप्रमाणे जिन्यात.

"ओढ!" वरून नाना.

"ओढी ऱ्हायनू! तू सोड ना!"

मी सवयीने वर तोंड करून म्हणाले, "नाना, आबा म्हणताहेत, सोडा."

"तू गप बस, बेटा," नाना म्हणाले. "माले आयकू येस."

मी पायरीवर बसून राहिले. तार मधेच अडकली. आबा म्हणाले, तू वाकडी घातली. नाना म्हणाले, तू आडवी ओढली. आबा म्हणाले, लहानपणापासून तुझ्या हातात काही सरळ येत नाही. नाना म्हणाले, लहानपणापासून तू ऐकून घेत नाहीस. इतक्या वर्षांचं तुंबलेलं बोलणं त्या पाइपाच्या दोन टोकांनी बाहेर पडत होतं आणि मधे तार इंच इंच सरकत होती. शेवटी खालून आबांचा आरोळीवजा आवाज आला, "उनी! उनी! हातमा उनी!" तार त्यांच्या हाती आली होती.

मग आबांच्या खोलीत चहा झाला. माझ्या देखत नाना पहिल्यांदाच तिथे बसले. कपाटावरच्या कापड घातलेल्या रेडिओकडे त्यांनी एकदा चोरून पाहिलं.

"तो आजून बोलत नई," नाना म्हणाले.

आबांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला. "न बोलू दे," ते म्हणाले. "तसाबी फार बोलत व्हता."

धुळ्याची फिल्म वेळेत गेली. मुलीच्या आईने फोनवर रडत रडत आभार मानले. तिला ते भाग्य कुणाच्या चार तारांमुळे मिळालं हे मी सांगितलं नाही. सांगायला घेतलं असतं तर बराच वेळ लागला असता. नंतर आणखी काही वर्षं मी त्या घरात राहिले. निरोप पोहोचवायचं माझं काम कायमचं सुटलं, आणि घरातली शांतताही सुटली. दोघे दिवसभर वरून खाली, खालून वर भांडत असत. टाकीवरून, वर्तमानपत्र आधी कोणी वाचायचं ह्यावरून, वांगी कोणी जाळली ह्यावरून.

पण मला आठवते ती तार ओढल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. नव्या तारेवर घंटी कशी वाजते ते ऐकायला मी मुद्दाम लवकर खाली उतरले. नानांचं दार उघडं होतं. नाना केव्हाचे उठलेले दिसत होते. अंघोळ झालेली, सदरा घातलेला, खुर्ची घंटीजवळ ओढून बसलेले. घंटी वाजली नाही. खाली आबांचं दार उघडल्याचा आवाज झाला, आणि जिन्यातून हाक आली.

"नाना! उठना का रे?"

मला वाटलं, नाना ओ देतील. ते हलले नाहीत. मीच तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. डोळे मिटले आणि मान जरा दाराकडे कलती करून, चोरून काही खावं तसे, तसेच बसून राहिले.

खालून दुसऱ्यांदा हाक आली. आधीपेक्षा मोठी, थोडी चिडलेली, थोडी घाबरलेली.

"नाना! ए नाना!"

"उठनू, आबा," नाना म्हणाले. "उठनू."